काओनाशी: तिघांना गिळणारी ही सावली सगळ्यांची लाडकी कशी?

2025च्या मार्चअखेरीस आपल्याकडे घिबलीची लाट आली होती. लग्नातले, बारशातले, वारीतले फोटो एआयला द्यायचे, त्यांची मऊ रंगांतली कार्टून चित्रं करून घ्यायची आणि डीपीला लावायची. ज्यांनी आयुष्यात एकही जपानी ॲनिमेशनपट पाहिला नव्हता, त्यांच्याही तोंडी ‘घिबली’ हे जपानी ॲनिमेशन स्टुडिओचं नाव बसलं. लाट ओसरली, पण काही जणांचं कुतूहल चाळवलं गेलं आणि ते मूळ चित्रपटांकडे वळले. तिथे त्यांची गाठ पडली एका विलक्षण पात्राशी. काळा, लांबोडका, थोडा आरपार दिसणारा देह. वरच्या बाजूला पांढरा लंबगोल मुखवटा, डोळ्यांच्या वर-खाली जांभळट पट्टे. आणि तोंडातून ‘अ… अ…’ यापलीकडे शब्द नाही.

हा काओनाशी. टी-शर्टवर, किचेनवर, मोबाइलच्या कव्हरवर तो सर्रास दिसतो. चित्रपट पाहिलेला नवा प्रेक्षक मात्र गोंधळतो. हा तर तिघांना गिळतो, जेवणाची ताटंच्या ताटं फस्त करतो, एका लहान मुलीच्या मागे धावत अख्ख्या इमारतीत हाहाकार माजवतो. मग याच्यावर एवढं प्रेम का?

मला विचाराल तर त्याचं उत्तर त्याच्या रूपात सापडणार नाही. चित्रपट शेवटी त्याचं काय करतो, त्यात ते आहे. पण त्यासाठी गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी. (ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे शेवटही सांगितला आहे.)

## गोष्ट काय आहे?

चित्रपटाचं नाव ‘स्पिरिटेड अवे’. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, निर्मिती स्टुडिओ घिबलीची. जपानमध्ये तो 20 जुलै 2001 रोजी लागला. 2002मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला गोल्डन बेअर मिळालं आणि 2003मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर. एकट्या जपानमध्ये त्याने 3,000 कोटी येनहून जास्त कमाई केली आणि तिथला कमाईचा विक्रम 2020च्या अखेरीपर्यंत त्याच्याच नावावर होता.

दहा वर्षांची चिहिरो आईवडिलांबरोबर नव्या घरी राहायला निघाली आहे. वाट चुकून तिघं एका ओसाड जागी पोचतात. तिथे रिकाम्या दुकानांत मांडून ठेवलेलं जेवण आईवडील न विचारता खायला लागतात आणि त्यांची डुकरं होतात. अंधार पडल्यावर कळतं की ही माणसांची जागाच नव्हे. इथे देव येतात, दमूनभागून, गरम पाण्याने अंघोळ करायला. युबाबा नावाची चेटकीण त्यांच्यासाठी हे भलंमोठं स्नानगृह चालवते. आईवडिलांना सोडवायचं तर चिहिरोला तिथे कामाला राहावं लागतं. युबाबा तिचं नाव काढून घेते आणि तिला ‘सेन’ म्हणायला लागते.

जपानच्या शिंतो परंपरेत डोंगर, नदी, झाड, पीक, सगळ्यांत दैवी अस्तित्व मानतात. त्यांना म्हणतात ‘कामी’. आपण तेहेतीस कोटी देव म्हणतो, तसे ते ऐंशी लाख म्हणतात, आणि दोन्हीकडे अर्थ एकच, मोजता न येण्याइतके. चित्रपटात मुळ्याचा देव येतो, कोंबडीच्या पिल्लांसारखे दिसणारे देव येतात, चिखलाने आणि कचऱ्याने गुदमरलेली एक नदीही येते.

## मग काओनाशी यातला कुठला देव?

कुठलाच नाही. आपल्याकडे मुंजा, वेताळ, खवीस अशी भुतांची वर्गवारी ठरलेली आहे, त्यामुळे याला कुठल्या रांगेत बसवायचं हा प्रश्न आपल्याला लगेच पडतो. चित्रपट त्याला कुठल्याच रांगेत बसवत नाही. तो कुठून आला, त्याला काय शक्ती आहेत, कोणाचा शाप आहे का, यातलं काही सांगत नाही.

तो पहिल्यांदा दिसतो ते स्नानगृहाच्या पुलावर. देवांची रीघ लागली आहे, नोकरचाकर वाकून स्वागत करताहेत आणि हा कठड्याशी नुसता उभा आहे. त्याचं कोणी स्वागत करत नाही, त्याला कोणी हटकतही नाही. माणूस म्हणून ओळखू येऊ नये यासाठी चिहिरो श्वास रोखून पूल ओलांडते आहे. ती समोरून जाते, तेव्हा हा मान वळवून तिच्याकडे बघत राहतो.

मुळात त्याची भूमिका एवढीच होती, पुलावरच्या गर्दीतला एक जण. मियाझाकी पूर्ण पटकथा लिहून मग काम सुरू करत नाहीत. स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंग कसा दिसेल त्याची क्रमवार कच्ची चित्रं, ते काढत जातात आणि त्याच वेळी पुढच्या टेबलांवर ॲनिमेशनचं काम चालू असतं. पहिल्या आराखड्यात चिहिरो आधी युबाबाला हरवणार होती आणि मग युबाबाच्या जुळ्या बहिणीला, झेनिबाला. पण तसं केलं तर चित्रपट तीन तासांच्या वर जाईल हे लक्षात आलं. तेव्हा लढाया बाजूला पडल्या आणि पुलावरच्या त्या बघ्याला उचलून गोष्टीच्या मध्यभागी आणलं गेलं. त्यामुळे ‘त्याचा भूतकाळ काय’ हे शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. जिच्याकडे कोणाचं लक्षच नसतं अशी व्यक्ती म्हणून तो जन्माला आला आणि तो स्वभाव शेवटपर्यंत त्याच्यात राहिला.

## चेहरा हलत नाही, तरी भाव कसे दिसतात?

यात जपानी रंगभूमीचा जुना संस्कार आहे. नोह ही तिथली चौदाव्या शतकापासून चालत आलेली नाट्यकला. तिच्यात प्रमुख नट लाकडी मुखवटा घालतो. मुखवटा थोडा वर उचलला की त्यावर प्रकाश पडतो आणि चेहरा खुलल्यासारखा वाटतो. थोडा खाली झुकवला की सावली धरते आणि तोच चेहरा उदास होतो. लाकूड तेच असतं, भाव बघणाऱ्याच्या मनात उमटतो.

काओनाशीचं चित्रण याच वळणाचं आहे. पावसाचा प्रसंग पाहा. चिहिरो बादलीतलं पाणी ओतायला बाहेर येते, तर हा अंगणात भिजत उभा. ती म्हणते, “तिथे भिजत नाही का तुम्ही?” आणि आत जाताना सांगते, “दार उघडं ठेवते हं.” मुखवट्यावर जवळजवळ काहीच बदलत नाही. पण आपल्याला पक्कं वाटतं की तो हरखला आहे. त्याआधी त्याला कोणी ‘भिजतोस का’ असं विचारलेलं नाही हे आपल्याला माहीत असतं, आणि तो हर्ष आपणच त्या कोऱ्या चेहऱ्यावर भरतो. पात्राबद्दलच्या मायेचं पहिलं बीज इथे पडतं. त्याच्या भावना आपण स्वतः पुरवलेल्या असतात, म्हणून तो आपला वाटतो.

## तो सोनं का वाटत सुटतो?

इथून गोष्ट बिघडायला लागते. स्नानगृहात औषधी पाण्यासाठी टोकनसारख्या छोट्या लाकडी पाट्या द्याव्या लागतात आणि त्या वाटणारा नोकर चिहिरोला पाटी देत नाही. काओनाशी हळूच एक पाटी चोरून तिला आणून देतो. ती खूश होते. मग तो ओंजळभर पाट्या घेऊन येतो. ती म्हणते, “इतक्या नकोत, एक पुरे.” त्यावर तो एकदम विरत जातो आणि पाट्या जमिनीवर सांडतात. अगदी छोटा प्रसंग आहे, पुढचं सगळं कोडं त्यातच उलगडतं. तिला एका पाटीची गरज होती म्हणून ती आनंदली. याला कळलं एवढंच, की दिलं की लोक हसतात, आणि जास्त दिलं की जास्त हसत असतील.

वर्गात एखादा नवीन मुलगा येतो. बोलायचं कसं ते त्याला कळत नाही, म्हणून तो रोज सगळ्यांना कॅन्टीनमध्ये वडापाव खिलवतो. दहा जण त्याच्याभोवती गोळा होतात. पण ज्या एकीशी त्याला खरी मैत्री करायची असते, ती म्हणते, “मला नको, माझा डबा आहे.” त्या क्षणी त्याच्याकडे द्यायला दुसरं काहीच नसतं. काओनाशीचं नेमकं हेच होतं.

चिखलाने माखलेली ती नदी स्वच्छ होऊन गेल्यावर मागे सोन्याचे कण राहतात आणि नोकर त्यांच्यावर झडप घालतात. कोपऱ्यातून काओनाशी हे बघतो. रात्री सोनं शोधायला आलेल्या बेडूक-नोकरासमोर तो तळहातातून सोनं पाडतो आणि जवळ आलेल्या बेडकाला गिळतो. त्याला आता बेडकाचा आवाज आहे आणि बेडकाची हाव. दुसऱ्या दिवशी अख्खं स्नानगृह ‘मोठे शेठ आले’ म्हणत त्याच्यापुढे नाचतं, गातं, थाळ्या ओतत राहतं.

2001च्या जपानी प्रेक्षकाला या सोन्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. ऐंशीच्या दशकात तिथे जमिनीचे आणि शेअरचे भाव बेफाम वाढले होते. 29 डिसेंबर 1989 रोजी निक्केई निर्देशांक 38,915वर बंद झाला आणि त्यानंतर तो फुगा असा फुटला, की तो आकडा पुन्हा गाठायला 2024चा फेब्रुवारी उजाडावा लागला. चित्रपटाच्या सुरुवातीलाच चिहिरोचे बाबा त्या ओसाड जागेबद्दल सांगतात, की नव्वदच्या सुमाराला असे थीम पार्क जागोजागी उभे राहिले आणि मंदी आल्यावर बंद पडले. फुकटचं जेवण खाताना हेच बाबा म्हणतात, काळजी नको, माझ्याकडे कार्ड आहे, रोकडही आहे. पुढे काओनाशीच्या सोन्याची माती होते, ती या पार्श्वभूमीवर पाहायची.

## पण त्याने तिघांना गिळलं, त्याचं काय?

आक्षेप रास्त आहे, आणि चित्रपटही त्याची भीती कमी करून दाखवत नाही. चिहिरो जखमी हाकूकडे, म्हणजे तिला इथे पहिल्यापासून मदत करणाऱ्या मुलाकडे, धावत निघाली आहे. वाटेत काओनाशी ओंजळभर सोनं पुढे करतो. ती म्हणते, “नको. मला याची गरज नाही.” आणि घाईत आहे सांगून निघून जाते. सोनं खाली पडतं, नोकर त्यावर तुटून पडतात. सारवासारव करायला आलेला मुकादम आपल्याला हसतोय असं काओनाशीला वाटतं आणि तो त्याला गिळतो, बरोबर एका बाईलाही.

गिळणं दाखवलंय कसं ते नीट बघा. मुखवट्यावरचं तोंड इवलंसं आहे, त्याने तो खात नाही. खरा जबडा मुखवट्याच्या खाली, देहात उघडतो. गिळलेल्या प्रत्येकाबरोबर त्याचा आकार, आवाज, भाषा बदलते. त्याचं स्वतःचं असं काही नाही; समोर जे असेल ते आत घ्यायचं आणि तसं व्हायचं, एवढंच त्याला येतं. स्नानगृहात समोर हाव होती.

शेवटी चिहिरोला त्याच्यासमोर एकटीला आत पाठवतात. ताटांच्या राशीत तो बसलाय, काय हवं ते माग म्हणतोय. ती विचारते, तुम्ही कुठून आलात? तुमचं घर कुठे आहे? आईबाबा असतील ना? एवढा अवाढव्य झालेला तो अंग चोरायला लागतो, मुखवटा आत ओढून घेतो आणि म्हणतो, “नको… एकटं वाटतं.” अख्ख्या चित्रपटात त्याने सांगितलेली स्वतःची अशी एकच गोष्ट आहे, आणि तीही दुसऱ्यांच्या आवाजात.

नदीने चिहिरोला एक कडू औषधी गोळा दिलेला असतो. आईवडिलांना परत माणूस करायला उपयोगी पडेल म्हणून तिने तो जपून ठेवलाय. अर्धा हाकूला गेला आहे. उरलेला ती याला देते, तो आईबाबांसाठी ठेवला होता हेही त्याला सांगते. त्यानंतर सगळं बाहेर पडतं. तिघंही जिवंत परत येतात. या चित्रपटात काओनाशीच्या हातून कोणी मरत नाही, आणि त्यालाही कोणी मारत नाही.

## मग चूक चिहिरोची, दार तिनेच उघडलं ना?

पुष्कळांना असं वाटतं. मला ते पटत नाही. पावसात भिजणाऱ्याला आत घेण्यात चूक काय? चिहिरोला मात्र आपली जबाबदारी कळते, म्हणून ती पळून जात नाही. ती टबमध्ये बसून निघालेली असताना मागून तो पाण्यातून येतोय हे पाहून लिन, तिची मोठ्या बहिणीसारखी सहकारी, घाबरते. चिहिरो तिला सांगते की तो इथे आहे म्हणून बिघडलाय, त्याने इथून बाहेर पडायला हवं. आणि ती त्याला बोलावते.

माझ्या मते या पात्राची किल्ली त्या वाक्यात आहे. ‘तो वाईट आहे’ असं ती म्हणत नाही, ‘तो चांगला आहे’ असंही म्हणत नाही. जागा बदलली तर तो बदलेल, एवढाच तिचा हिशेब. आणि तिचा नकार तसाच राहतो. तिला जे हवंय ते आपण देऊ शकत नाही, हे त्याला तिने तोंडावर सांगितलेलं असतं. लळा लागलेल्याला स्पष्ट ‘नाही’ म्हणायचं आणि तरी त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, हे दोन्ही एकत्र करताना मोठ्यांचीही तारांबळ उडते. इथे दहा वर्षांची मुलगी ते करते.

मग ती आगगाडी. पावसाने सगळीकडे पाणी झालंय, रूळ पाण्याखाली आणि त्यावरून धावणारी छोटीशी गाडी. बॉयलरवाले कामाजी आजोबा चाळीस वर्षं जपलेली तिकिटं देतात आणि बजावतात, की हल्ली ही गाडी फक्त जाते, परत येत नाही. चिहिरो काओनाशीला शेजारी बसायला सांगते, शांत बस म्हणते. तो ताठ बसतो, हात मांडीवर. आजूबाजूला सावल्यांसारखे प्रवासी चढतात, उतरतात. कित्येक मिनिटं कोणी काही बोलत नाही, संगीतकार जो हिसाइशी यांचा पियानो तेवढा वाजतो. तासाभरापूर्वी थाळ्या फोडणारा हाच का, असं वाटावं इतका तो साधा झालेला आहे.

सहाव्या स्टेशनावर झेनिबाचं घर आहे. ती त्याला केक देते, चहा देते आणि हातात काम देते, सूत कातायचं आणि विणायचं. त्याला ते छान जमतं. निघताना चिहिरोला केसांना बांधायला जो धागा मिळतो, तो सगळ्यांनी मिळून केलेला असतो, त्यात काओनाशीचाही हात आहे. त्याने दिलेल्या वस्तूंपैकी ती आनंदाने नेते ती ही आणि ती पहिली पाटी. झेनिबा त्याला म्हणते, तू इथेच राहा, मला मदत कर. तो मान डोलावतो.

राक्षसाला मारणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. राक्षसाला शाप होता आणि तो मुळात राजपुत्र निघाला, अशाही आहेत. काओनाशी राजपुत्र निघत नाही, मुखवटाही उतरत नाही, बोलायलाही शिकत नाही. तो होता तसाच राहतो आणि तरी त्याला एक घर मिळतं. आपण आहोत तसे कुठेतरी खपून जाऊ का, ही धास्ती ज्याला कधी वाटली आहे, त्याला हा शेवट आत कुठेतरी लागतो.

लोकांनी ते ओळखलं आहे याची एक खूण सांगतो. जपानच्या आइची प्रांतात 1 नोव्हेंबर 2022 रोजी घिबली पार्क सुरू झालं. तिथे चित्रपटांतल्या प्रसंगांत शिरून फोटो काढता येतात. त्यात तो आगगाडीचा डबाही आहे, बाकावर काओनाशी बसलाय आणि शेजारची जागा रिकामी. लोक रांग लावून त्या जागेवर बसतात.

## हा मानसिक आजाराचं रूपक आहे का?

इंटरनेटवर काओनाशीला ‘हिकिकोमोरी’ म्हणणारे पुष्कळ सापडतात. समाजापासून तुटून सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ घरातच कोंडून घेणाऱ्यांसाठी जपानमध्ये हा शब्द आहे. 1998मध्ये मनोविकारतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्या पुस्तकामुळे तो सर्वतोमुखी झाला. पण हिकिकोमोरी दार आतून लावून घेतो. काओनाशी बाहेर उभा आहे आणि त्याला आत यायचंय. त्याच्यावर निदानाचा शिक्का मारला की तो ‘कोणीतरी आजारी माणूस’ होतो आणि आपण सुटतो. तसं सुटू नये असं मला वाटतं.

## लहान मुलांना दाखवावा का?

सहा-सात वर्षांच्या आतली मुलं आईवडिलांची डुकरं होतात तिथेच घाबरू शकतात, आणि काओनाशीचा पाठलाग तर मोठ्यांनाही दचकवतो. त्यामुळे एकटं बसवून लावून देऊ नका, शेजारी बसा. मियाझाकींच्या डोळ्यांसमोर ओळखीतल्या दहा वर्षांच्या मुली होत्या, त्यांच्यासाठी त्यांनी हा चित्रपट केला. त्या वयाच्या मुलांना तो बरोबर पोचतो. सव्वादोन तासांच्या आत संपतो, आणि पाठलागानंतर आगगाडी येते, हे आधी सांगितलं तर भित्रं मूलही तग धरतं.

शक्य असेल तर मूळ जपानी आवाजात, खाली सबटायटल ठेवून बघा. काओनाशीच्या तोंडून आधी बेडकाचा आवाज येतो, नंतर मुकादमाचा, आणि सगळं ओकून टाकल्यावर पुन्हा फक्त ‘अ… अ…’ उरतं. भाषा कळली नाही तरी हा फरक कान लगेच पकडतो. मुलं तर मोठ्यांच्या आधी ओळखतात, आता कोण बोलतंय ते.